साथीच्या बॅचचा हात बसला का?

कोविडच्या साथीत ज्यांची रेसिडेन्सी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण, झाली, त्या डॉक्टरांबद्दलचा वाद अजून शमलेला नाही. एक बाजू म्हणते, ही बॅच कच्ची राहिली. दीड-दोन वर्षं पीपीई किट घालून एकाच आजाराचे पेशंट सांभाळले, ठरवून करायची ऑपरेशनं बंद होती, ओपीडी ओस पडली होती. मग यांच्या हाती स्वतंत्रपणे पेशंट द्यायचे कसे? दुसरी बाजू तितक्याच तावातावाने सांगते की साथीसारखी शाळा नाही. इतरांना पाच वर्षांत दिसलं नसतं ते या मुलामुलींनी पाच महिन्यांत पाहिलं, तेव्हा त्यांच्यावर शंका घेणं हा निव्वळ कृतघ्नपणा आहे. दोन्ही बाजूंना तळमळ आहे, यात वाद नाही. पण अख्ख्या बॅचला एकच शेरा देऊन मोकळं व्हायचं, ही चूक दोघंही करतात. साथीने रेसिडेंटचं शिक्षण वाकडं केलं. कुणाचं कुठे आणि किती वाकडं झालं, हे शाखेगणिक, युनिटगणिक, अगदी माणसागणिक वेगळं आहे. म्हणून प्रत्येकाचं नेमकं काय राहिलं ते मोजायचं आणि तेवढं भरून द्यायचं, एवढाच मार्ग उरतो. हे मोजणं फार थोड्या ठिकाणी मनापासून झालं, याची मला जास्त काळजी वाटते.

वाकडं म्हणजे काय, हे कळायला रेसिडेन्सी कशावर उभी आहे ते पाहावं लागतं. १८८९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी तिथे जी पद्धत रुजवली, तिचा गाभा आजही तोच आहे: तरुण डॉक्टरने रुग्णालयातच राहायचं, भरपूर पेशंट पाहायचे आणि जबाबदारी पायरीपायरीने वाढत जायची. यातला ‘पायरीपायरीने’ हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. पित्ताशयाचं दुर्बिणीतून होणारं ऑपरेशन घ्या. नवा रेसिडेंट आधी कॅमेरा धरतो. हे काम बघायला सोपं वाटतं, पण पडद्यावरचं चित्र तिरकं होऊ न देता सर्जनच्या हत्यारांची टोकं कायम मधोमध ठेवायला सराव लागतो. मग जखमा शिवणं. मग बेंबीजवळचा पहिला पोर्ट, म्हणजे दुर्बीण आत घालायचा छेद, जिथे घाई केली तर आतडं किंवा मोठी रक्तवाहिनी दुखावते. मग पित्ताशय यकृतावरून सोडवणं. इथे थर चुकला तर यकृतातून रक्त येतं, नाहीतर पित्ताशय फुटून खडे पोटात सांडतात, पण शेजारी सिनिअर असला की हे निस्तरता येतं. आणि सगळ्यांत शेवटी कॅलोचा त्रिकोण, म्हणजे पित्ताशयाची नलिका, मुख्य पित्तनलिका आणि यकृत यांच्यामधली चिंचोळी जागा. तिथली चरबी आणि पडदे साफ करून, पित्ताशयाचा तळाकडचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा करून, पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, नलिका आणि धमनी, डोळ्यांना स्वच्छ दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. इथे चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली तर पेशंटला पुढची कित्येक वर्षं ते भोगावं लागतं.

आता ही शिडी कोणत्या केसेसवर चढली जाते? सोप्या, ठरवून केलेल्या केसेसवर. खडे आहेत पण सूज नाही, पेशंट तरुण आहे, घाई नाही. अशा दिवशी सिनिअर म्हणतो, ‘आज यकृतावरून तू सोडव, मी बघतो.’ साथीत नेमक्या या केसेस थांबल्या. कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय गटाच्या अंदाजानुसार २०२० मध्ये साथीच्या भराच्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द झाल्या किंवा पुढे ढकलल्या गेल्या. उरल्या त्या इमर्जन्सी: सुजलेलं, चिकटलेलं, पू झालेलं पित्ताशय, जिथे अनुभवी सर्जनचेही हात जपून चालतात. तिथे तो रेसिडेंटच्या हाती हत्यार देत नाही, आणि देऊही नये. म्हणजे नुसता केसेसचा आकडा पाहून नुकसान कळत नाही. शिडीच्या खालच्या पायऱ्याच निघून गेल्या आणि वरच्या तेवढ्या उरल्या. शंभरातल्या साठ केसेस कमी झाल्या असं म्हटलं की उरलेल्या चाळीस तरी शिकायला मिळाल्या असं वाटतं. त्या चाळीसमध्ये शिकाऊ हाताला झेपणाऱ्या किती होत्या, हे विचारायला हवं.

भूलशास्त्रातही हेच झालं, आणि तिथे तर नियमानेच झालं. श्वासनलिकेत नळी टाकताना विषाणू हवेत उडतो, म्हणून खोलीत कमीत कमी माणसं असावीत आणि सर्वांत अनुभवी व्यक्तीने, शक्यतो व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घशाचं आतलं चित्र पडद्यावर दाखवणारं उपकरण) वापरून, पहिल्याच प्रयत्नात नळी टाकावी, असं मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं होतं. पेशंटच्या आणि कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. पण दहापैकी नऊ वेळा नळी बिनचूक जावी, इतका हात बसायला नवशिक्याला पन्नासेक प्रयत्न लागतात. ते एरवी मिळतात कुठे? हर्निया, थायरॉइड, पित्ताशय अशा नियोजित यादीवर, उपाशीपोटी आलेल्या, फुप्फुसं धडधाकट असलेल्या पेशंटवर. ती यादी बंद आणि आयसीयूतलं इंट्युबेशन सिनिअरकडे. त्या वर्षी भूलशास्त्रात आलेल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने नळ्या पाहिल्या पुष्कळ, टाकल्या किती?

तरीही दुसऱ्या बाजूचं जे सर्वांत बळकट म्हणणं आहे, ते मला मनापासून मान्य आहे. या डॉक्टरांनी जे शिकलं ते खरोखर मोठं आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पोटावर झोपवणं घ्या. २०१३ च्या फ्रेंच अभ्यासानंतर दिवसातले १६ तास असं ठेवण्याची पद्धत मान्य झाली होती, पण बहुतेक वॉर्डांत ती पुस्तकातच होती. २०२० मध्ये ती रोजची झाली. पाच-सहा जण लागतात. नळी धरून डोक्याशी उभा असलेला माणूसच हुकूम देतो, बाकी कुणी बोलत नाही. आधी नाकातल्या नळीतून अन्न देणं थांबवायचं, घसा ओढून साफ करायचा, दातांशी नळी किती सेंटीमीटरवर आहे ते मोठ्याने म्हणायचं, छातीवरची इलेक्ट्रोड काढायची, आणि मग आधी पलंगाच्या कडेला, मग कुशीवर, मग पोटावर. वळवून झालं की नळीचा आकडा पुन्हा वाचायचा, छातीच्या दोन्ही बाजूंना हवा जातेय का ते बघायचं आणि इलेक्ट्रोड पाठीवर लावायची. डोळे मिटून चिकटवायचे, मान आणि हात काही तासांनी बदलायचे. नाहीतर डोळ्याचं बुबुळ सुकतं, खांद्याची नस दबते, गालावर व्रण पडतो. गडबडीत नळी निसटली किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) ओढली गेली तर पेशंट हातचा जातो. ज्याने हे शंभरदा केलं, त्याला गंभीर पेशंटभोवती टीम कशी हलवायची हे वेगळं शिकवावं लागत नाही.

ऑक्सिजनचा हिशोबही तसाच. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मास्कवर मिनिटाला १० लिटर चालू असेल तर तो साडेअकरा तास पुरतो. त्याच सिलिंडरवर हाय फ्लो कॅन्युला, म्हणजे नाकातून जोरदार प्रवाह देणारी नळी, १०० टक्के ऑक्सिजनवर, मिनिटाला ६० लिटरने लावली तर दोन तासांच्या आत रिकामा. कोणत्या पेशंटला किती प्रवाह खरंच लागतोय, कुणाचा कमी करता येईल, पहाटे तीनपर्यंत साठा पुरेल का, हे गणित पूर्वी रेसिडेंटला कुणी विचारत नव्हतं. आणि पुराव्याचं मोल! जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त १० दिवस, दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काहीच फायदा होत नाही. भारतात आयसीएमआरच्या प्लॅसिड चाचणीने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर तपासून प्लाझ्माचा (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाचा) उपयोग नसल्याचं ऑक्टोबर २०२० मध्ये छापलं, तरी नातेवाइक प्लाझ्मासाठी वणवण फिरत राहिले आणि उपचारांच्या राष्ट्रीय सूचनांमधून तो मे २०२१ मध्ये निघाला. औषध का द्यायचं, का थांबवायचं, आणि हात जोडून उभ्या असलेल्या नातेवाइकाला ‘नको’ कसं सांगायचं, हे या बॅचने कुठल्याही सेमिनारपेक्षा खोलवर शिकलं. हे नाकारणाऱ्याने त्या वॉर्डात काय चाललं होतं याची कल्पनाच केलेली नाही.

पण यावरून ‘साथ हीच शाळा’ हा निष्कर्ष निघतो का? या बाजूचे लोक १९५२ च्या कोपनहेगनचा दाखला देतात, म्हणून तो नीट पाहू. त्या उन्हाळ्यात ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे पेशंट लोटले. श्वास आणि गिळणं लुळं पडलेल्या पहिल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. रक्तातलं वाढलेलं बायकार्बोनेट म्हणजे काहीतरी गूढ अल्कलोसिस (रक्तात अल्कली वाढणं) आहे असं फिजिशियन समजत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखलं की श्वास अपुरा पडून कार्बन डायऑक्साइड साठतोय. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवीने हाताने श्वास दिला. ती वाचली. यंत्रं अगदी मोजकी होती, म्हणून सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्यांनी पेशंटशेजारी बसून पिशव्या दाबू लागले. एकेका वेळी सत्तरेक पेशंट त्यांच्या हातांवर जगत होते. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं आणि आधुनिक आयसीयूची बीजं तिथे पडली.

गोष्ट मोठी आहे आणि खरी आहे. मात्र तिथल्या विद्यार्थ्यांना एकच काम दिलं होतं, ते नेमकं शिकवलं होतं, पाळी संपली की घरी पाठवलं जात होतं, आणि भूलतज्ज्ञ फिरून प्रत्येक पिशवीवर नजर ठेवत होते. पिशवी दाबण्याचे तास मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये धरा, असं कुणी म्हटलं नाही. मोठा धडा मिळाला तो इब्सेन यांच्यासारख्यांना, कारण शरीरक्रियाशास्त्राचं ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होतं. पिशवी दाबणाऱ्या हाताला पिशवी दाबता येऊ लागली. साथ शिकवते ती तयार असलेल्याला. जो तयार होत असतो त्याच्याकडून ती काम करून घेते.

शिवाय नुसता अनुभव म्हणजे शिक्षण नव्हे. चाळिसाव्या कोविड न्यूमोनियापर्यंत रेसिडेंट भराभर शिकत जातो. चारशेव्यापर्यंत तो फक्त थकतो. शिकायला लागतं ते उत्तर तपासून घेणं: मी असा अंदाज केला, पुढे काय झालं? साथीत हा धागाच तुटला. ऑक्सिजन वाढला की पेशंट एका वॉर्डातून दुसऱ्यात, तिथून आयसीयूत, बरा झाला की तिसरीकडे. प्रत्येक रेसिडेंटला पेशंटच्या आजाराचा एकेक तुकडा दिसला. पहाटे चार वाजता ज्याला आयसीयूत पाठवलं तो जगला की गेला, हे पाठवणाऱ्याला कित्येकदा कळलंच नाही. शवविच्छेदनं जवळपास थांबली. सिनिअर काचेपलीकडे किंवा फोनवर. पीपीईच्या टोपीखाली स्टेथोस्कोप कानात घालता येत नाही, म्हणून छाती ऐकणं बंद झालं आणि त्या जागी ऑक्सिमीटरचा आकडा आला, फार तर सोनोग्राफीचा प्रोब. प्लीहा हाताला लागते का, मानेतली शीर किती फुगलीय, हे शिकायला ज्याचा हात धरून तो पोटावर ठेवावा लागतो, त्याला हे व्हिडिओ कॉलवर कसं शिकवणार?

मेडिसिनच्या रेसिडेंटचं नुकसान म्हणूनच पटकन दिसत नाही. वॉर्ड तर खचाखच भरलेला होता! पण एरवी जे येतात ते पेशंट गेले कुठे? जगात क्षयाचे नव्याने नोंदवलेले रुग्ण २०१९ मध्ये ७१ लाख होते, २०२० मध्ये ५८ लाख झाले. आजार कमी झाला नव्हता. माणसं रुग्णालयापर्यंत पोचली नाहीत. हृदयविकाराचे झटके आलेले उशिरा आले किंवा आलेच नाहीत. संधिवात, थायरॉइड, जुना मधुमेह, रक्ताचे आजार यांच्या ओपीडी बंद. म्हणजे जे आजार पुढची तीस वर्षं रोज समोर येणार, नेमके तेच दीड वर्ष दिसले नाहीत. बाळंतपणं मात्र थांबत नाहीत, त्यामुळे स्त्रीरोगच्या रेसिडेंटचे सिझर होत राहिले आणि वंध्यत्व, गर्भाशयाची नियोजित ऑपरेशनं राहिली. डोळ्यांच्या शाखेत मोतीबिंदूची यादी बंद म्हणजे हात बसण्याचा एकमेव रस्ता बंद. कान-नाक-घसा शाखेने तर दोन्ही टोकं पाहिली: आधी महिनोन्‌महिने काही नाही, आणि २०२१ च्या मे महिन्यात भारतात म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीची) लाट आली तेव्हा सायनसमधलं कुजलेलं ऊतक काढण्याच्या केसेस एका पाठोपाठ एक. त्या काळात सायनसच्या दुर्बिणीत तरबेज झालेल्या रेसिडेंटने कानाच्या पडद्याची ऑपरेशनं किती केली असतील? आता सांगा, या सगळ्यांना ‘कच्ची बॅच’ किंवा ‘तावून सुलाखून निघालेली बॅच’ यांपैकी एक पाटी कशी लावायची?

पहिल्या बाजूचाही एक मुद्दा असा आहे की त्याला बगल देता येत नाही. टेबलावरच्या पेशंटला डॉक्टरचं शिक्षण का राहिलं याच्याशी देणंघेणं नसतं. कारण कितीही उदात्त असलं तरी पित्तनलिका कापली गेली तर ती कापलेलीच राहते. म्हणून सहानुभूतीपोटी पास करणं चूक आहे, हे पूर्ण मान्य. पण या बाजूचा उपाय ठरलेला: सगळ्यांची मुदत सहा महिने वाढवा. त्याने काय होतं? मुदत वाढते, वॉर्ड तोच राहतो. लाट चालू असताना वाढवलेले सहा महिने पुन्हा त्याच पोस्टिंगमध्ये जातात. भारतात २०२१ ची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा एप्रिलमधून पुढे जात ११ सप्टेंबरला झाली आणि समुपदेशन, म्हणजे जागावाटप, जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं. तोवर पहिल्या वर्षाची बॅच आलीच नाही. मग रक्ताचे नमुने पाठवणं, सलाइन लावणं, डिस्चार्ज कार्ड लिहिणं, ही पहिल्या वर्षाची कामं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या माथी आली. ज्या वर्षात त्यांनी हात चालवायचा, निर्णय घ्यायचे, ते वर्ष पाट्या टाकण्यात गेलं. रुग्णालयात ते जास्त तास होते, शिकत होते कमी. वेळ हेच माप धरलं की असं होतं.

साथीने शिक्षण विस्कटेल हे कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही. २००३ मध्ये सार्सच्या वेळी टोरांटोत रुग्णालयांनी तातडीची नसलेली कामं थांबवली, वैद्यकीय विद्यार्थ्यांना आत येऊ दिलं नाही. त्याहून जुना आणि जास्त शिकवणारा दाखला दुसऱ्या महायुद्धाचा आहे. सैन्याला डॉक्टर हवे होते, म्हणून अमेरिकेत इंटर्नशिप नऊ महिन्यांची, पुढचं रेसिडेन्सीचं प्रत्येक वर्षही नऊ महिन्यांचं, अशी ‘९-९-९’ योजना केली. युद्ध संपल्यावर परतलेल्या या तरुण डॉक्टरांना कुणी नापास ठरवलं नाही, आणि रणांगणावर हजार जखमा शिवल्या म्हणून तज्ज्ञ असल्याचा शिक्काही मारला नाही. रुग्णालयांनी रेसिडेन्सीच्या जागा भराभर वाढवल्या आणि हे डॉक्टर शिकायला परत आले. रणांगणावरच्या सर्जनला शांततेच्या काळातलं पोट उघडायला पुन्हा शिकावं लागेल, हे मान्य करण्यात त्यांचा अपमान झाला असं कुणाला वाटलं नाही. कोविडच्या बॅचबद्दल एवढा साधा सूर आपल्याला का लावता येऊ नये?

काही देशांनी तो लावून पाहिला. ब्रिटनमध्ये वार्षिक मूल्यमापनात २०२० पासून ‘आउटकम १०’ आणला. कोविडमुळे काही क्षमता राहिल्या, पण प्रगती ठीक आहे, तेव्हा पुढे जा, असं १०.१ म्हणजे, आणि पुढच्या टप्प्यावर जाण्याआधी त्या क्षमता मिळायलाच हव्यात म्हणून जादा काळ दिला जातोय, असं १०.२ म्हणजे. दोन्हींत दोष प्रशिक्षणार्थीचा नाही हे नोंदीतच स्पष्ट. अमेरिकेत सर्जरीच्या रेसिडेंटला एरवी किमान ८५० ऑपरेशनं लागतात, त्यांतली २०० शेवटच्या वर्षात. तिथल्या बोर्डाने २०१९-२० साठी एकूण संख्येत १० टक्के आणि वर्षाच्या ४८ आठवड्यांऐवजी ४४ अशी सरसकट सवलत दिली. यांतली मला ब्रिटनची पद्धत जास्त पटते, कारण ती माणूस पाहते. सरसकट १० टक्क्यांत ज्याच्या ३० हर्निया कमी झाल्या आणि ज्याच्या गुंतागुंतीच्या आतड्याच्या केसेस शून्यावर आल्या, ते दोघं एकाच मापाने सुटतात. मात्र रेसिडेन्सीवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी परिषदेने एक गोष्ट फार मोलाची केली. साथीच्या सर्वांत कठीण टप्प्यात बाकीचे नियम शिथिल केले, तरी पुरेसं संरक्षण साहित्य व ते वापरण्याचं शिक्षण, सिनिअरची देखरेख आणि आठवड्याला ८० तासांची मर्यादा या गोष्टी सोडल्या नाहीत. किट घालण्यापेक्षा उतरवताना जास्त संसर्ग होतो, आणि बारा तासांनंतर घामाने भिजलेला, तहानलेला रेसिडेंट उतरवण्याचा क्रम चुकतो. तासांची मर्यादा ही चैन नव्हती, संसर्ग रोखण्याचा भाग होती.

‘लाट चालू असताना नोंदवह्या तपासायला वेळ कुणाला?’ असा आक्षेप येतो. त्या दिवसांत रुग्णालयांनी सिलिंडर मोजले, किट मोजली, रेमडेसिव्हिरच्या कुप्या मोजल्या, रोज, दोनदा. महिन्याला प्रत्येक रेसिडेंटमागे वीस मिनिटं काढून त्याचं लॉगबुक पाहणं अशक्य होतं असं म्हणणं पटत नाही. आणि पाहायचं काय, तर केसेसची बेरीज बघून भागत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक ओले टेन केट यांनी २००५ मध्ये मांडलेली पद्धत इथे कामाची आहे: प्रत्येक कामासाठी रेसिडेंट पाच पायऱ्यांपैकी कुठे आहे? नुसतं पाहू शकतो, सिनिअर शेजारी असताना करतो, सिनिअर हाकेच्या अंतरावर असताना करतो, एकटा करतो, की दुसऱ्याला शिकवू शकतो? एका पानावर शाखेतली पंधरा-वीस कामं लिहायची आणि प्रत्येकापुढे पायरी. मार्चमध्ये दुसऱ्या पायरीवर असलेला जूनमध्येही तिथेच दिसला, की त्याला कुठे पाठवायचं हे त्या पानावरून कळतं.

मग पाठवायचं. त्वचारोग, डोळे, हाडं या शाखांच्या रेसिडेंटला साथीच्या वॉर्डात सलग चार-सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये आणि मध्ये तितकाच काळ आपल्या शाखेत द्यावा. हे वेळापत्रक लाट येण्याआधी ठरलेलं असावं. त्या काळात चालू राहणारी कॅन्सरची, अपघाताची ऑपरेशनं जिथे होतात तिथे दुसऱ्या रुग्णालयांतले रेसिडेंटही आळीपाळीने यावेत. लाट ओसरली की साचलेल्या ऑपरेशनांचा निपटारा सुरू होतो, आणि इथे दुसरा घाव बसतो: यादी लवकर संपवायची म्हणून सगळं सिनिअर करतात, कारण रेसिडेंटच्या हाती केस दिली की अर्धा तास जास्त लागतो. जगभर हे झालं. निपटाऱ्याच्या प्रत्येक यादीत शिकाऊ हाताला झेपणाऱ्या केसेसवर आधीच खूण करून ठेवली आणि त्या दिवशी एक केस कमी लावली, तर साचलेलं काम आणि साचलेलं शिक्षण दोन्ही एकत्र उपसता येतं. सिम्युलेटरचा आधार घ्यावा, जरूर घ्यावा. साध्या डब्यात कॅमेरा बसवून रबरी ठोकळे एका खुंटीवरून दुसरीवर हलवणं, जाळीचा गोल कापणं, आत टाका घालून गाठ मारणं हे रोज अर्धा तास केलं तर डोळा आणि हात जुळलेले राहतात. सुजलेल्या ऊतकाचा पोत, अचानक उडालेलं रक्त आणि त्या क्षणी थांबून दाब देण्याचं भान डब्यात मिळत नाही. सिम्युलेटरवर गेलेले तास हे ऑपरेशनचे तास म्हणून धरू नयेत.

या मोजण्याची मुदत अजून टळलेली नाही. २०२० मध्ये पहिल्या वर्षात असलेले डॉक्टर आज स्वतः शिकवताहेत. कुणी लेक्चरर आहे, कुणी युनिटमध्ये सिनिअर. नवा रेसिडेंट त्यांच्याच समोर कॅमेरा धरून उभा राहतो आणि कॅलोच्या त्रिकोणात कुठे थांबायचं हे त्यांच्याच हातांकडे पाहून शिकतो. साथीत राहिलेली पायरी अशी एका पिढीतून दुसरीत उतरते. त्यांच्यातल्या कुणाला वाटलं की एखाद्या कामात आपला हात बसलेला नाही, तर विभागप्रमुखाकडे जाऊन ‘या दहा केसेस मला तुमच्या देखरेखीखाली करायच्या आहेत’ असं म्हणता आलं पाहिजे, आणि ते म्हटल्याने बढतीच्या फाइलवर डाग लागता कामा नये. विभागप्रमुखांनी तर वाट न पाहता स्वतःहून विचारावं. ते जुनं लॉगबुक कपाटात आहे. मार्च २०२० पासूनची पानं उघडून समोरासमोर बसायला एक दुपार लागेल.